चरित्र, चारित्र्य आणि अर्जातला एक रकाना

मराठीतील 'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत. दोहोंच्या मुळाशी 'चर्' हा धातू आहे. चालणे, वागणे हा त्याचा अर्थ. परंतु भाषेच्या व्यवहारात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माणूस कसा चालत आला याची हकीकत म्हणजे चरित्र. आणि तो मुळात कसा आहे याविषयी इतरांनी दिलेला निवाडा म्हणजे चारित्र्य. पहिल्यात काळ आहे, बदल आहे, वळणे आहेत. दुसऱ्यात काळ जवळजवळ थांबलेला असतो. चरित्रावरून चारित्र्य ठरवण्याचा मोह सर्वच समाजांना पडतो, आणि तो जेथे फार उघडपणे दिसतो अशी एक जागा म्हणजे नोकरीचा अर्ज.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अर्जात एक नवा रकाना आला. उमेदवाराने अमली पदार्थांचे सेवन कधी केले आहे काय, केले असल्यास कोणते, किती वेळा आणि शेवटचे केव्हा, असे तो रकाना विचारतो. कित्येक ठिकाणी हा प्रश्न तोंडाने न विचारता शरीरालाच विचारला जातो, म्हणजे उमेदवाराकडून लघवीचा नमुना घेतला जातो. या रकान्याचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचे उत्तर असे की अर्ज हीदेखील एक संहिता आहे, आणि हा रकाना म्हणजे सक्तीने लिहवून घेतलेल्या आत्मचरित्राचे एक प्रकरण आहे. ते कोण लिहवून घेतो, कोणत्या अधिकाराने आणि ते कसे वाचतो, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला परके नाहीत.

हा रकाना नव्हता त्या काळातील एका नेमणुकीपासून प्रारंभ करू. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, तेव्हा न्यूयॉर्कमधील विल्यम हॉल्स्टेड हा तरुण शल्यविशारद आणि त्याचे सहकारी स्वतःच्याच शरीरावर कोकेनचे प्रयोग करू लागले. मज्जातंतूजवळ औषध टोचून तेवढाच भाग बधिर करण्याचे तंत्र त्यातून पुढे आले. परंतु प्रयोग करणारे व्यसनात सापडले. १८८६ मध्ये हॉल्स्टेडला प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कोकेनची जागा पुढे मॉर्फिनने घेतली. अशा माणसाला त्याचा मित्र विल्यम वेल्च याने बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले, आणि नव्याने उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, आधी तात्पुरती व मग कायमची, शल्यचिकित्सेची जबाबदारी त्याच्याकडे आली. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरण्याची पद्धत, हर्नियाच्या व स्तनांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची टप्प्याटप्प्याची व्यवस्था, हे सारे हॉल्स्टेडच्या नावाशी जोडलेले आहे. त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याने या रुग्णालयाचा एक अंतस्थ इतिहास लिहून तो मोहोरबंद करून ठेवला होता. १९६९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला कळले की नेमणूक झाल्यानंतरही हॉल्स्टेड मॉर्फिन घेतच होता, आणि दीर्घकाळ त्याचे रोजचे प्रमाण तीन ग्रेनच्या, म्हणजे सुमारे दोनशे मिलिग्रॅमच्या, खाली आले नव्हते.

या कथेतून व्यसन निरुपद्रवी असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हॉल्स्टेडचे दीर्घकाळ गैरहजर राहणे, शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून जाणे यांची नोंद आहे. त्याची किंमत त्याने आणि इतरांनीही मोजली. शिवाय तो गोरा, श्रीमंत घरचा आणि योग्य माणसांचा मित्र होता; ही सवलत एखाद्या हमालाला मिळाली नसती. आमचा मुद्दा निराळा आहे. वेल्चने हॉल्स्टेडचे चरित्र वाचले होते. पूर्वीचे आजारपण ठाऊक असूनही, नव्हे ते ठाऊक असल्यामुळेच, त्याने त्याला डोळ्यांसमोर ठेवले. हे वाचन एका माणसाने दुसऱ्या माणसाचे केलेले होते. पुढच्या शतकाने त्याच्या जागी रकाना आणला.

१९१४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षीच्या जानेवारीत हेन्री फोर्डने कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. या पाच डॉलरांतला मोठा भाग नफ्याचा वाटा म्हणून होता आणि तो मिळण्यास कामगाराचे खाजगी वर्तन निर्मळ असणे आवश्यक होते. त्यासाठी कंपनीने एक 'समाजशास्त्रीय विभाग' उघडला. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात, दारूची चौकशी करत, बचत किती, घर स्वच्छ आहे की नाही, भाडेकरू किती ठेवले आहेत, हे पाहत. कारखान्याच्या फाटकाबाहेरचे आयुष्य हाही मालकाने वाचण्याचा मजकूर आहे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हॅरिसन कायदा झाला आणि अफू व कोकेन यांच्या व्यवहारावर संघराज्याचे नियंत्रण आले. हॉल्स्टेडच्या तरुणपणी जे औषधाच्या दुकानात मिळत होते ते आता हळूहळू गुन्ह्याच्या प्रदेशात गेले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण मालकाची नजर आणि कायद्याची नजर पुढे ज्या ठिकाणी एकत्र आल्या, तिथेच आपला रकाना जन्माला आला.

त्या दोहोंना जोडणारे साधन मात्र युद्धाने पुरवले. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या दोन काँग्रेस-सदस्यांनी सांगितले की तेथील सैनिकांपैकी शेकडा दहा ते पंधरा हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना राष्ट्राचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले, आणि त्याच सुमारास नियम झाला की लघवी तपासून घेतल्याशिवाय कोणाही सैनिकाला मायदेशी जाणारे विमान मिळणार नाही. सैनिकी विनोदबुद्धीने या मोहिमेला 'सोनेरी प्रवाह' असे नाव दिले. या सैनिकांचे पुढे काय झाले याचा अभ्यास सेंट लुईसच्या ली रॉबिन्स या संशोधिकेने केला, आणि तिचे निष्कर्ष त्या काळी अनेकांना खरे वाटेनात. व्हिएतनाममध्ये सुमारे पाचांतला एक सैनिक हेरॉइनवर अवलंबून झाला होता. पण अशांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शेकडा पाचच्या आसपास होते, आणि तीन वर्षांच्या काळात, थोड्या मुदतीसाठी का होईना, पुन्हा सापडलेले शेकडा बारा. परिस्थिती बदलली, माणूस बदलला. एकदा व्यसनी तो कायमचा व्यसनी, या समजुतीला याहून मोठा धक्का क्वचितच बसला असेल. परंतु इतिहासाचा विपर्यास पाहा: या प्रसंगातून समाजाने चाचणीचे तंत्र तेवढे उचलले, चाचणी झालेल्या माणसांचे पुढे काय झाले ही माहिती विद्वानांच्या नियतकालिकांत राहिली.

२६ मे १९८१ च्या रात्री फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवर उतरताना एक विमान कोसळले आणि चौदा जण मृत्युमुखी पडले. मृतांपैकी डेकवरील काही खलाशांच्या शरीरात गांजाचे अंश आढळले. ते अपघाताचे कारण असल्याचे सिद्ध झाले नाही. वैमानिकाच्या रक्तात मात्र सर्दीवरील औषधाचे प्रमाण अधिक होते. तरीही लोकांच्या लक्षात राहिला तो गांजा. सैन्यात चाचण्या सक्तीच्या झाल्या, आणि १५ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काढलेल्या १२५६४ क्रमांकाच्या आदेशाने त्या नागरी सेवेत आल्या. कामावर असताना आणि नसतानाही बेकायदा अमली पदार्थांपासून दूर राहणे ही सरकारी नोकरीची अट झाली. कोणाही उमेदवाराची चाचणी घेण्याचा अधिकार खातेप्रमुखांना मिळाला. १९८८ च्या कायद्याने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना 'अमलीमुक्त कार्यस्थळा'चे बंधन घातले. त्या कायद्यात चाचणीची सक्ती नव्हती, पण उद्योगांनी ती आपणहून स्वीकारली. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनच्या पाहण्यांनुसार १९८७ मध्ये सुमारे २१ टक्के मोठ्या कंपन्या चाचण्या घेत होत्या. १९९६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. युद्धासाठी निघालेले साधन पंचवीस वर्षांत गोदामातल्या कारकुनापर्यंत पोहोचले होते.

या साऱ्यामागे खरी भीती नव्हती असे म्हणता येणार नाही. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधील चेस येथे मालवाहू इंजिने प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि सोळा माणसे मेली. इंजिनचालक व त्याचा सोबती या दोघांनी गांजा ओढला होता. अशा प्रसंगी चाचणीला विरोध करणाऱ्याकडे मृतांच्या नातलगांना सांगण्यासारखे फार थोडे उरते. २१ मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला रेल्वे कामगारांचा, 'स्किनर' या नावाने ओळखला जाणारा: अपघातानंतरची चाचणी सात विरुद्ध दोन मतांनी वैध ठरली. दुसरा जकात खात्यातील बढतीच्या उमेदवारांचा, 'फॉन राब' खटला: येथे मते पाच विरुद्ध चार अशी फुटली. पहिल्या निकालात बहुमताबरोबर असलेले न्यायमूर्ती स्कॅलिया दुसऱ्यात विरोधात गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ते उदारमतवादी नव्हेत, परंपरावादी न्यायाधीश. रेल्वेत अपघातांचा पुरावा होता. जकात खात्यात ३,६०० जणांच्या चाचण्यांतून केवळ पाच सदोष निघाले होते. पुरावा नसताना केवळ एक प्रतीक म्हणून माणसाच्या अब्रूचा बळी दिला जात आहे, असा त्यांच्या भिन्नमतपत्राचा आशय होता. १९९७ मध्ये 'चँडलर विरुद्ध मिलर' या खटल्यात न्यायालयाने ही सीमारेषा थोडी स्पष्ट केली. निवडणूक लढवणाऱ्यांनी चाचणीचे प्रमाणपत्र द्यावे असा जॉर्जिया राज्याचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. त्यावर एक कडवट टिप्पणी करावीशी वाटते: राज्यकर्ता होऊ इच्छिणाऱ्याची अब्रू न्यायालयाने वाचवली. खाजगी दुकानात माल रचू इच्छिणाऱ्याला मात्र हे संरक्षण नव्हते, कारण संविधानाचे ते कलम सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही.

आता शरीराच्या या साक्षीकडे पाहू. लघवीची चाचणी नशा मोजत नाही; पदार्थ पचल्यानंतर मागे राहिलेले अवशेष मोजते. गांजाचे अवशेष चरबीत साठतात आणि नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडू शकतात. कोकेनचे बहुधा दोन-चार दिवसांत निघून जातात. दारू एखाद्या दिवसात. म्हणजे सोमवारी चाचणीला आलेल्या तीन उमेदवारांपैकी महिन्याभरापूर्वीपर्यंत गांजा ओढणारा सापडेल, गेल्या सोमवारी कोकेन घेतलेला सुटेल, आणि रोज रात्री दारू पिणारा तर त्या यादीतच नाही. १९८८ मध्ये ठरलेल्या पाच पदार्थांत गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, ॲम्फेटामिने आणि पीसीपी होते, मद्य नव्हते. ते वाहतूक क्षेत्रापुरते १९९१ च्या कायद्याने आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा मोटरमन दारूच्या नशेत होता आणि पाच प्रवासी मेले होते. राहिली खसखस. आपल्या अनारशांवरची ही निरुपद्रवी खसखस अफूच्याच बोंडातली. तिच्यामुळे पाव खाणारेही दोषी ठरू लागले, तेव्हा १९९८ मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर न्यावी लागली. एका आकड्याच्या फरकाने काल जो व्यसनी होता तो आज निर्दोष झाला. शरीर खोटे बोलत नाही असे म्हणतात. ते खरे मानले तरी शरीराचे म्हणणे कोणीतरी वाचावेच लागते, आणि वाचनाचे नियम माणसेच ठरवतात.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांसाठी येथे एक सुंदर उदाहरण आहे. ऐंशीच्या दशकात चाचण्यांच्या समर्थनार्थ जे आकडे सर्वत्र उद्धृत होत, त्यांत 'फायरस्टोन अभ्यास' अग्रभागी असे. अमली पदार्थ घेणारे कामगार इतरांपेक्षा कित्येक पट अधिक अपघात करतात, कित्येक पट अधिक भरपाई मागतात, असे त्याच्या आधारे सांगितले जाई. न्यूयॉर्कचे औषधशास्त्रज्ञ जॉन मॉर्गन यांनी उताऱ्यामागचा उतारा शोधत मूळ गाठले, तेव्हा तेथे अभ्यासच नव्हता. टायर कंपनीच्या साहाय्य-योजनेत आलेल्या, मुख्यतः मद्यपी, कामगारांविषयी केलेले एक अनौपचारिक विधान तेवढे होते. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवली जाताना प्रक्षेप मूळ पाठ होऊन बसतो, हे आपण जुन्या ग्रंथांत नित्य पाहतो. येथे तेच शासनाच्या धोरणात घडले. १९९० मध्ये बोस्टनच्या टपाल कर्मचाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणीत सदोष ठरलेल्यांत अपघात व गैरहजेरी अधिक आढळली, पण पूर्वीच्या दाव्यांच्या मानाने बरीच कमी. १९९४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सांगितले की चाचण्यांनी उत्पादकता वाढते वा सेवन घटते याचा पुरावा दुबळा आहे. तोवर रकाना रूढ झाला होता.

शरीराची साक्ष एवढी अपुरी, म्हणून तोंडी कबुलीही हवीच असते. कबुली ही पाश्चात्त्य समाजात सत्य निर्माण करण्याची प्रमुख रीत आहे, असे मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये मांडले होते. नोकरीचा अर्ज हे त्याचे अगदी साधे उदाहरण ठरेल. इंग्रजीतील अमली पदार्थांच्या वाङ्मयाचा प्रारंभही कबुलीनेच झाला. टॉमस डी क्विन्सी याची अफूबाजाची कबुली १८२१ मध्ये 'लंडन मॅगझिन'मधून निनावी प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये विल्यम बरोज यांनीही आपले पहिले पुस्तक टोपणनावाने छापले. परंतु या कबुल्या लेखकाने स्वतःच्या गतीने दिलेल्या होत्या. तीत का, कसे, पुढे काय झाले, यांना जागा होती. रकान्यात जागा आकड्यापुरती असते. अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेचा, म्हणजे एफबीआयचा, २००७ पूर्वीचा नियम असा होता की उमेदवाराने आयुष्यात गांजा पंधरा वेळांहून अधिक आणि इतर पदार्थ पाच वेळांहून अधिक घेतलेले नसावेत. सोळाव्या वेळी चारित्र्य संपते! २००७ मध्ये हा आकडा जाऊन त्याच्या जागी मुदत आली: गांजापासून तीन वर्षे, इतर पदार्थांपासून दहा वर्षे दूर. २०२१ मध्ये गांजाची मुदत एका वर्षावर आली. या बदलाचे मोल आम्हांस मोठे वाटते. 'किती वेळा' हा प्रश्न पापाची मोजदाद करतो. 'केव्हापासून नाही' हा प्रश्न माणूस बदलू शकतो हे गृहीत धरतो.

कबुलीचे फळ सर्वांना सारखे मिळत नाही, हेही इतिहास सांगतो. नोव्हेंबर १९८७ मध्ये डग्लस गिन्सबर्ग यांनी पूर्वी गांजा ओढल्याचे मान्य केले आणि सर्वोच्च न्यायालयासाठीची त्यांची उमेदवारी संपली. त्याच महिन्यात अल गोर यांनी तशीच कबुली दिली. ते पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्यासोबत १९९२ मध्ये निवडून आलेल्या क्लिंटन यांची, धूर आत घेतला नाही ही सफाई तर जगभर गाजली. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाचा 'बीझर' खटला आहे. हेरॉइन सोडण्यासाठी मेथाडोनचे उपचार घेणाऱ्या कोणालाही, पद कोणतेही असो, नोकरी द्यायची नाही, असा प्राधिकरणाचा नियम होता. गाडी चालवण्याचा संबंध नसलेल्या कामांनाही तो लागू होता. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. व्यसनातून बाहेर पडण्याचा प्रयत्न हाच अपात्रतेचा पुरावा ठरला. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने सेवन सोडून उपचार घेतलेल्यांना संरक्षण दिले आणि चालू बेकायदा सेवनाला वगळले. भूतकाळ आणि वर्तमान यांत भेद करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल.

गेल्या काही वर्षांत रकाना आक्रसू लागला आहे. २०२० मध्ये नेवाडा राज्याने व न्यूयॉर्क शहराने बहुतेक नोकऱ्यांसाठी गांजाच्या पूर्वचाचणीवर निर्बंध घातले. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात, बांधकाम व संघीय सुरक्षेची पदे यांसारखे अपवाद वगळता, गांजाच्या निष्क्रिय अवशेषांवरून उमेदवार नाकारता येत नाही आणि पूर्वीच्या सेवनाविषयी विचारताही येत नाही. या राज्यांत गांजा कायदेशीर झाला, म्हणून हे घडले. ज्यांचा भूतकाळ इतर पदार्थांशी जोडलेला आहे त्यांचा रकाना तसाच उघडा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अजून मर्यादित स्वरूपात आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा आणि चरस यांवर बंदी घालतो, पण त्याच झाडाची निव्वळ पाने, म्हणजे भांग, त्याच्या व्याख्येबाहेर ठेवतो. लघवीच्या चाचणीला हा फरक कळत नाही. विमानचालक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी २०२२ च्या जानेवारीअखेरीपासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चाचण्या लागू केल्या, आणि त्या पदांचे स्वरूप पाहता त्यास विरोध करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. परंतु प्रश्न येथेच थांबणार नाही. परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची 'पार्श्वभूमी तपासणी' ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

आणि आम्ही अध्यापकही या व्यवहाराबाहेर नाही. महाविद्यालय सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्तणुकीचा दाखला दिला जातो. त्यात 'आमच्या माहितीप्रमाणे' असे दोन शब्द असतात. घाईने सही करताना त्यांकडे आपले लक्ष जात नाही. पण दाखल्यातील सर्वांत प्रामाणिक शब्द तेच आहेत. वाचकाच्या माहितीला सीमा आहे, ही त्यांत कबुली आहे. आणि या इतिहासात ज्याने कबुली द्यायला हवी होती तो वाचकच बहुधा गप्प राहिलेला दिसतो. हा माणूस आज या कामावर शुद्धीत असेल काय, हा मालकाचा रास्त प्रश्न आहे. तो आज व्यसनात आहे काय, हा वैद्याचा प्रश्न आहे. त्याने कधी काळी काय केले, हा चरित्रकाराचा. तिन्ही प्रश्न एका रकान्यात कोंबले की तिन्हींची उत्तरे चुकतात. रामायणाचा कर्ता पूर्वी वाटमारी करत होता अशी कथा आपण मुलांना सांगतो, आणि ती सांगताना त्याच्या दरोड्यांची संख्या विचारत नाही. वर्गात हे शिकवायचे आणि दाखल्याच्या कागदावर विसरायचे, हे आपल्या विषयाशी सुसंगत नाही, असे आम्हांस वाटते.